बाससाठी प्लॅस्टिक वर्म कसा निवडावा? आकार, शेपूट, वजन, रंग

काठावरून (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बासच्या (गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाच्या) मासेमारीत आतापर्यंत माझं स्पिनरबेट आणि क्रँकबेट या ओढत चालवायच्या आमिषांवरच भागत होतं. आता पाण्यात गवत वाढायला लागलंय आणि तिहेरी गळाचं काहीही टाकलं की हिरवा गठ्ठाच वर येतो. म्हणून प्लॅस्टिक वर्मकडे, म्हणजे मऊ प्लॅस्टिकच्या गांडुळासारख्या आमिषाकडे वळायचं ठरवलं. पण दुकानातल्या त्या भिंतीसमोर उभं राहिलं की काही सुचत नाही. सरळ शेपटीचे, रिबन शेपटीचे, जाड स्टिक वर्म, चार इंची, दहा इंची, आणि प्रत्येकाचे वीस-तीस रंग. पाकिटं वाचावीत तर सगळेच सर्वोत्तम!

माझ्याकडची परिस्थिती अशी: मध्यम आकाराचा तलाव, पाणी किंचित गढूळ. हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं अंधुक दिसतात. मासेमारी काठावरून. काठालगत पाणगवताचा पट्टा आहे, त्याच्या पलीकडे आठ-दहा फूट खोली. मासा लार्जमाउथ (मोठ्या तोंडाचा बास). सात फुटी मीडियम स्पिनिंग रॉड आहे आणि एक मीडियम-हेवी बेटकास्टरही (जरा ताकदीचा, जाड दोरीचा रॉड-रीळ) आहे.

दोन-तीन पाकिटांत भागवायचं झालं तर कोणती घ्यावीत? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे निवड कशाच्या आधारावर करायची? म्हणजे पुढच्या वेळी मलाच ठरवता येईल.

मंदाकिनी_काठची

छान धागा. काठावरून टाकणार असाल तर पाच इंची स्टिक वर्म घ्या, कसलंही वजन न लावता. सविस्तर नंतर लिहिते, आधी तळठावदादांना येऊ दे. या विषयावर ते बोलायला लागले की ऐकत राहावं.

तळठाव

मंदाकिनीताई, आलोच.

काठावरून, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की पहिला आपोआप सुटतो. त्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर बहुतेक जण आधी रंग पाहतात, मग लांबी आणि शेवटी शेपूट. हा क्रम उलटा करा. वर्म हातात घेतल्यावर पहिला प्रश्न विचारायचा की हा पाण्यात खाली कसा जाईल. दुसरा प्रश्न, तळाला टेकल्यावर काय करेल. ही दोन उत्तरं तुमच्या पाण्याशी जुळली तर रंग थोडा इकडे-तिकडे झाला तरी चालतं.

खाली जाण्यावर एवढा भर का? बास वर्म घेतो तो बहुतेक वेळा वर्म खाली पडत असताना, किंवा तळाला टेकून दोन-चार क्षण निपचित पडल्यावर. क्रँकबेट तुम्ही ओढत असता तेव्हा काम करतो. वर्म तुम्ही ओढत नसता तेव्हा काम करतो. एवढा फरक लक्षात आला की अर्धी निवड झालीच म्हणून समजा.

या नजरेने पाहिलं तर भिंतीवरच्या शेकडो पाकिटांचे मुळात तीनच प्रकार उरतात.

पहिला, स्टिक वर्म. जाड, दोन्ही टोकांना निमुळता, दिसायला अगदीच साधा. गॅरी यामामोतो यांचा सेन्को १९९० च्या दशकात बाजारात आला आणि पुढे जवळजवळ प्रत्येक कंपनीने त्या घडणीचा आपापला वर्म काढला. त्याची सगळी खुबी पोटातल्या मिठात. प्लॅस्टिकमध्ये भरपूर मीठ मिसळलेलं असल्यामुळे वजन न लावताही तो बुडतो, तोही आडवा, आणि बुडता बुडता दोन्ही टोकं हलकेच थरथरतात. ही थरथर रॉडने काढता येत नाही. दोरी ढिली सोडली तरच ती दिसते. काठाजवळच्या उथळ पाण्यात एकदा टाकून नीट बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

दुसरा, रिबन किंवा वळणदार शेपटीचा वर्म. सात इंचांपासून बारा इंचांपर्यंत मिळतो. त्याची शेपूट खाली जातानाही पोहते आणि तळावर जरा ओढला तरीही पोहते. पाणी बरंच हलतं आणि बासच्या अंगावरच्या पार्श्वरेखेला (पाण्याची हालचाल टिपणाऱ्या इंद्रियाला) ती लांबून कळते. पाणी तापलं, साधारण ७० अंश फॅरनहाइटच्या वर गेलं, मासा जोमात खायला लागला किंवा खोल कड्यांवर जमायला लागला की याचे दिवस सुरू होतात. दहा इंची वर्म पाहून नवे लोक बिचकतात. पण दीड पौंडाचा बासही तो बेधडक तोंडात घेतो.

तिसरा, सरळ शेपटीचा बारीक वर्म. चार ते साडेसहा इंच, बोटाच्या निम्म्या जाडीचा. स्वतःहून जवळजवळ काहीच करत नाही आणि हाच त्याचा गुण. थंड पाणी, आरशासारखं स्वच्छ पाणी, रोज वीस जण आमिष टाकून जातात असा काठ, थंडीची लाट येऊन गेल्यावरचं निरभ्र आकाश, अशा वेळी मासा अंग चोरून असतो. थंड पाण्यात त्याची भूक आणि पचन दोन्ही मंदावतात. मोठी हालचाल केलीत तर तो तोंड फिरवतो. तेव्हा हा शेकी हेडवर (गळालाच जोडलेलं वजनदार डोकं) किंवा ड्रॉप शॉटवर (वजन खाली, गळ त्याच्या वर) लावायचा.

तुमच्या तलावाबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो. एकदम सगळं टाकलं तर वाचताना दम लागेल.

गढूळपाणी

तळठावदादांशी बऱ्याच अंशी सहमत. पण "रंग थोडा इकडे-तिकडे झाला तरी चालतं" हे पटत नाही. मी ज्या पाण्यात मासे धरतो तिथे पाऊस पडला की चहा होतो. अशा पाण्यात वॉटरमेलन (अर्धपारदर्शक हिरव्या) रंगाचा वर्म टाकून बसलात तर दिवस फुकट. त्याच जागी, त्याच वजनावर काळा-निळा लावला की ठोके (माशाने आमिष धरणं) सुरू. हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा पाहिलंय. रंगाला शेवटचं स्थान देऊ नका.

नवखा_गळ

वाचतोय. वाचनखूण साठवली. एक शंका: ठोका पडला हे कळणार कसं? क्रँकबेटला मासा रॉडच हिसकावतो. वर्मला काय होतं?

तळठाव

गढूळपाणी, तुमचा अनुभव खरा आहे आणि त्याचं कारणही सांगता येतं. बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या, एक लालकडे झुकणारी आणि एक हिरव्याकडे. लाल आणि हिरवा हे रंग तो चांगले वेगळे ओळखतो. पण काळा आणि गडद निळा यांत त्याची गल्लत होते, तशीच शार्ट्रूज पिवळा आणि पांढरा यांतही होते. प्रयोगांत हे दिसलेलं आहे. म्हणजे काळा, काळा-निळा आणि जूनबग (गडद जांभळा) अशी तीन वेगवेगळी पाकिटं घेताना जो फरक आपल्याला दिसतो, तो बहुधा माशासाठी फारसा नसतो. पण वॉटरमेलन आणि काळा यांत तो नक्कीच असतो, कारण गढूळ पाण्यात अर्धपारदर्शक हिरवा विरघळून जातो आणि काळ्याची बाह्याकृती ठळक उठते.

म्हणून माझं म्हणणं जरा नेमकं करतो. छटेच्या मागे लागू नका, गडद की फिकट एवढं ठरवा. स्वच्छ पाण्यात ग्रीन पम्पकिन (तपकिरी झाक असलेला हिरवा) किंवा वॉटरमेलन. गढूळ पाण्यात, ढगाळ दिवशी आणि रात्री काळा-निळा किंवा जूनबग. मधल्या पाण्यात ग्रीन पम्पकिनच, हवं तर लाल किंवा जांभळी चमक असलेला. एक गडद आणि एक नैसर्गिक, दोन रंगांत हंगाम निघतो. रात्रीच्या वेळी वरच्या फिकट उजेडावर काळा सर्वांत उठून दिसतो, हे लक्षात असू द्या. रात्रीसाठी पांढरा घेणारे पुष्कळ भेटतात.

नवखा_गळ, ठोक्याबद्दल मंदाकिनीताईंनी लिहावं. दोरी वाचण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

गढूळपाणी

हे पटलं. "गडद की फिकट" यावर +१. जूनबग आणि काळा-निळा दोन्ही बाळगतो मी, आता एकच बाळगेन.

मंदाकिनी_काठची

दादा, तुम्ही आग्रह केलात म्हणून लिहिते.

नवखा_गळ, वर्मवरचा ठोका तीन तऱ्हांनी कळतो. एक, हाताला बारीकसं "टक्" लागतं, कधी लागोपाठ दोनदा. तळावरचा दगडही टक् लागतो, पण दगडाचं टक् आपण ओढलं की लागतं. माशाचं टक् आपण काहीच न करता लागतं. दोन, दोरी बाजूला चालायला लागते. वारा नसताना दोरी पाण्यावरून डावीकडे सरकत असेल तर ती कोणीतरी नेतंय. तिसरी खूण सगळ्यांत जास्त चुकते: दोरी वेळेआधी ढिली पडते. याचा उपाय म्हणजे मोजणं. पहिल्या फेकीला वर्म पाण्यात पडल्यापासून तळाला टेकेपर्यंत मनात आकडे मोजा. समजा बारा झाले. पुढच्या फेकीला सातवरच दोरी सैल झाली तर तळ वर आलेला नाही, मध्येच कोणीतरी वर्म घेतलाय. रीळ फिरवून ढील आवरा आणि हिसका द्या.

यासाठी दिसणारी दोरी हवी. स्पिनिंग रीळवर पिवळी किंवा पांढरी ब्रेड (विणलेली दोरी), १० पौंड ताण सोसणारी, आणि तिच्या टोकाला सहा-आठ फूट फ्लुओरोकार्बन लीडर (पारदर्शक दोरीचा तुकडा), ८ ते १० पौंडांचा. डोळ्याला पिवळी दिसते, माशाला लीडर जवळजवळ दिसत नाही.

आता काठावरून, तुमच्यासाठी वॅकी रिग (रिग म्हणजे वर्म गळाला लावायची बांधणी). स्टिक वर्मच्या बरोबर मध्यावर आडवा गळ टोचायचा, बस. वजन नाही, काही नाही. गळ १/० किंवा २/० चा (पहिला आकडा वाढतो तसा गळ मोठा), लहान दांड्याचा. गवताच्या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला, जिथे हिरवं संपून पाणी काळपट दिसायला लागतं तिथे टाकायचा. पडू द्या. दोन्ही बाजू फडफडत खाली जातात. तळाला टेकला की पाच-सात क्षण थांबा, रॉडचं टोक हलकेच वर घ्या, पुन्हा सोडा. तीन-चार वेळा झालं की गुंडाळून पुढची जागा. काठावरून जाणाऱ्याने एका जागी फार वेळ घालवू नये, पाय चालते ठेवावेत.

मध्यावर गळ टोचला की मिठाचा वर्म दोन माशांत फाटतो. त्यासाठी छोटी रबरी ओ-रिंग मिळते, ती वर्मच्या कमरेत चढवून गळ तिच्याखालून घ्या. एकाच वर्मवर कितीतरी जास्त मासे निघतात.

एक काळजी मात्र घ्या. वॅकीवर मासा गळ घशापर्यंत गिळतो, कारण त्याला कसलाच अडथळा जाणवत नाही. ठोका कळल्यावर "अजून खाऊ दे" म्हणून थांबू नका. तरीही खोल गेलाच आणि सहज निघत नसेल तर ओढाताण न करता दोरी गळाजवळ कापून मासा सोडा. ओढून काढताना जी इजा होते ती आत राहिलेल्या गळापेक्षा वाईट.

तळठाव

ताईंच्या मोजण्याच्या युक्तीला दाद. मी ती वजन निवडायलाही वापरतो.

काठावरून, तुमच्या तलावाचं बघू. गवताच्या बाहेरच्या कडेला वॅकी, हे झालंच. पण गवताच्या आत वॅकी टाकू नका, उघडा गळ लगेच अडकेल. आत जायला टेक्सस रिग.

सुरुवातीला प्लॅस्टिक वर्म आले तेव्हा गळ त्यांच्या आत आधीच बसवलेले असत. निक क्रीम यांनी १९४९ मध्ये ओहायोतल्या ॲक्रनला, घरच्या स्वयंपाकघरात खऱ्या गांडुळावरून साचा करून मऊ प्लॅस्टिकचा पहिला गाजलेला वर्म ओतला. टेक्ससच्या नव्या जलाशयांत बुडालेली झाडं उभी होती, तिथे उघडा गळ चालेना. त्या गरजेतून गळाचं टोक वर्मच्या अंगातच लपवण्याची पद्धत रुळली आणि टेक्सस रिग हे नाव पडलं.

बांधायची रीत नीट समजून घ्या, कारण चांगला वर्म वाकडा लावला तर त्याचा काही उपयोग नाही. आधी दोरीवर बुलेट वजन (बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं, आरपार भोक असलेलं) ओवा, टोकदार बाजू रॉडकडे. मग ऑफसेट गळ (डोळ्याजवळ दांड्याला वळण असलेला) बांधा. गळाचं टोक वर्मच्या नाकात बरोबर मध्यावर खुपसा, पाव इंच आत नेऊन बाजूने बाहेर काढा. वर्म गळाच्या दांड्यावरून वर सरकवत डोळ्यापर्यंत आणा आणि गळ अर्धा फिरवा, म्हणजे टोक वर्मच्या अंगाकडे वळेल. आता वर्म मोकळा लोंबू द्या. गळाचा बाक अंगाला जिथे टेकतो तिथे नखाने खूण करा. त्या जागी वर्म जरासा वर दाबून टोक आरपार घाला आणि बाहेर आलेलं टोक वरच्या कातडीत किंचित लपवा. हात सोडला की वर्म ओळंब्यात लोंबला पाहिजे. मध्ये फुगवटा आला किंवा बाक पडला तर काढून पुन्हा लावा. बाक असलेला वर्म ओढताना गरगर फिरतो, दोरीला पीळ पडतो आणि मासा त्याच्याकडे पाहतही नाही.

वजन किती? तळाची चाहूल लागेल इतकंच, त्याहून रतीभर जास्त नको. सहा फुटांपर्यंत १/८ औंस, तुमच्या आठ-दहा फुटांना ३/१६ किंवा १/४. वारा असेल तर एक पायरी वर. इथे ताईंचं मोजणं वापरा: वर्म दगड पडल्यागत गेला तर वजन उतरवा. दाट गवतात मात्र १/४ च्या खाली जाऊ नका, वर्म वरच अडकून बसतो. शिवाय दोरीवर वजनाच्या मागे, रॉडच्या बाजूला रबरी स्टॉपर लावा, म्हणजे वजन वर्मला चिकटून राहील. नाहीतर वजन गवतातून खाली जातं आणि वर्म फूटभर वर लटकत राहतो.

आणि गवतात रिबन शेपटीचा वर्म नको. ती लांब शेपूट गवताच्या प्रत्येक काडीला वेढा घालते. दाट गवतात सरळ शेपूट, मोकळ्या तळावर रिबन. हे पाकिटावर कोणी लिहीत नाही.

नवखा_गळ

गळाचे आकार कोणत्या वर्मला कोणते?

तळठाव

पाच इंची स्टिक वर्म टेक्ससवर लावायचा तर ३/० किंवा ४/० रुंद पोटाचा ऑफसेट गळ. सात इंची रिबनला ३/० ते ४/०. दहा इंचीला ५/०. चार-सहा इंची बारीक वर्मला १/० किंवा २/०, बारीक तारेचा.

तक्ता पाठ करण्यापेक्षा गळाचं पोट, म्हणजे दांडा आणि टोक यांतली मोकळी जागा बघा. मासा दाबतो तेव्हा प्लॅस्टिक चेपून खाली सरकायला जागा लागते, तरच टोक मोकळं होतं. वर्म लावल्यावर प्लॅस्टिकने गळाचं पोट अर्ध्याहून जास्त भरलं असेल तर गळ लहान आहे. हिसका देऊनही मासे सुटत असतील तर दोष हाताला देण्याआधी हे तपासा.

हिसक्याचंही तसंच. टेक्ससवर टोक प्लॅस्टिकमध्ये लपलेलं असतं, म्हणून ढील आवरून, रॉड खाली नेऊन जोरकस वर खेचायचा. तिथे मीडियम-हेवी बेटकास्टर आणि १५ पौंडांची फ्लुओरोकार्बन हवी. वॅकी आणि शेकी हेडवर नुसतं रीळ फिरवत रॉड बाजूला ताणला तरी पुरतं. जोर लावलात तर बारीक गळ सरळ होईल.

शिंगाडा

एवढ्या चांगल्या चर्चेत वर्म कशाचा बनतो हे राहूनच गेलं, म्हणून लिहितो. निवडीत त्यालाही महत्त्व आहे.

नेहमीचे वर्म प्लॅस्टिसॉलचे, म्हणजे पीव्हीसीची भुकटी आणि तिला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य. हे द्रव्य जितकं जास्त तितका वर्म लिबलिबीत, हालचाल चांगली, पण फाटतो लवकर. मीठ घातलं की वजन वाढतं, मजबुती आणखी कमी होते. म्हणजे स्टिक वर्म भराभर फाटतात तो कंपनीचा हलगर्जीपणा नाही, त्या हालचालीची ती किंमत आहे. "टिकाऊ स्टिक वर्म" शोधत बसाल तर बहुधा कडक आणि कमी मिठाचा मिळेल, आणि तो तसा थरथरणार नाही.

दुसरं म्हणजे झी-मॅनचं एलाझटेक. हे पीव्हीसी नव्हे, रबरासारखं ताणणारं वेगळंच द्रव्य. हाताने ओढून दुप्पट-तिप्पट लांब केलं तरी तुटत नाही आणि पाण्यावर तरंगतं. तरंगण्याचा फायदा तळावर दिसतो. छोट्या चपट्या डोक्याच्या गळावर लावलं की डोकं तळाला आणि शेपूट उभी राहते, जरा पाणी हललं की डुलते. कॅन्ससच्या नेड केहडी यांच्या नावाने ओळखला जाणारा नेड रिग तो हाच. तीन इंचांच्या आतबाहेरचा तुकडा, १/१५ किंवा १/१० औंसाचं डोकं. पाहणाऱ्याला वाटतं याला काय मासा लागणार, पण थंड आणि स्वच्छ पाण्यात, विशेषतः स्मॉलमाउथ (लहान तोंडाच्या) बासला, हा फार चालतो.

मात्र एलाझटेक आणि साधे प्लॅस्टिसॉलचे वर्म एका पिशवीत कधीही ठेवू नका. दोन्ही एकमेकांत विरघळून चिकट गोळा होतो. साधे वर्मही वेगवेगळ्या रंगांचे एकत्र ठेवले की रंग एकमेकांना लागतात. सगळ्यात बरं म्हणजे ज्या पाकिटात आले त्यातच, आडवे, उन्हापासून लांब. बाक आलेला वर्म फेकू नका. गरम पाण्यात थोडा वेळ बुडवा, मऊ पडला की सपाट जागी सरळ ठेवून गार पाण्यात टाका, पुन्हा ओळंब्यात येतो.

काठावरून (धागाकर्ता)

मंडळी, किती आभार मानू! भिंतीसमोर उभं राहायची भीती गेली. तर आता ठरवलंय ते असं: पाच इंची स्टिक वर्म ग्रीन पम्पकिन, सात इंची रिबन शेपटीचा जूनबग, आणि सहा इंची सरळ शेपटीचा ग्रीन पम्पकिन. बरोबर आहे ना?

दोन प्रश्न उरले. वजन शिशाचं घ्यावं की टंगस्टनचं? आणि लसूण, बडीशेप असे वासाचे वर्म मिळतात, त्यांचा उपयोग होतो का?

तळठाव

निवड उत्तम. उन्हाळा चढला की रिबनचं दहा इंची पाकीट त्यात घाला.

टंगस्टनबद्दल: शिशाची घनता पाण्याच्या साधारण ११.३ पट, टंगस्टनची १९.३ पट. त्यामुळे तेवढ्याच वजनाची टंगस्टनची गोळी खूप लहान असते आणि गवतातून सहज सरकते. शिवाय ती कडक असल्यामुळे तळ खडकाळ आहे, रेताड आहे की चिखलाचा, हे हाताला स्पष्ट कळतं. तळ कळला की मासा कुठे आहे हे कळायला लागतं, म्हणून वर्मवाल्याने पैसे घालायचे तर रंगांच्या पाकिटांपेक्षा इथे घालावेत. त्यातून न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स अशा राज्यांत लहान शिशाच्या वजनांवर बंदी आहे. लून नावाचे पाणपक्षी ती गिळतात आणि शिशाच्या विषाने मरतात. बंदी नसेल तिथेही शिसं टाळता आलं तर टाळाच.

वासाबद्दल मतभेद आहेत. टॉम मान यांच्या जेली वर्मना फळांचे वास असायचे आणि ते तुफान खपले, म्हणजे कल्पना जुनीच. माझं मत असं की वासामुळे मासा लांबून येत नाही, पण तोंडात घेतलेला वर्म थुंकायला थोडा उशीर करतो. भराभर ओढायच्या आमिषाला त्याचा उपयोग नाही. तळावर पडून राहणाऱ्या वर्मला आहे. थंड पाण्यात जास्त.

गढूळपाणी

वासावर मी दादांपेक्षा एक पाऊल पुढे जाईन. सनस्क्रीन किंवा डास पळवायचं औषध लावलेल्या हाताने वर्मला हात लावू नका. डासांच्या औषधातलं डीट मऊ प्लॅस्टिक खराब करतं ते वेगळंच. हात पाण्यात चोळून घ्या, मग वर्म लावा. लसूण असो वा नसो, हे आधी.

नवखा_गळ

फाटलेल्या वर्मचं काय करता? लायटरने जोडता येतो असं ऐकलंय.

शिंगाडा

जोडता येतो, पण मोकळ्या हवेत. पीव्हीसी जळलं की घातक धूर निघतो, तो नाकात जाऊ देऊ नका. दोन्ही कडा नुसत्या वितळेपर्यंत तापवून दाबून धरायच्या, पेटू द्यायच्या नाहीत. त्यासाठीचा खास डिंकही मिळतो, तो बरा.

आणि काहीही झालं तरी फाटका वर्म पाण्यात टाकायचा नाही. तो विरत नाही. तळाशी पडलेला मासे गिळतात आणि तो पोटात अडकतो. मेन राज्यात २०१३ साली या कारणावरून मऊ प्लॅस्टिकच्या आमिषांवर बंदीच घालायचा प्रस्ताव आला होता. काठावर फाटक्या वर्मची रास दिसते तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. खिशात एक रिकामं पाकीट ठेवायला असं काय लागतं?

मंदाकिनी_काठची

शिंगाडांशी शंभर टक्के सहमत. मी इतरांचे पडलेलेही उचलते.

शिवाय फाटलेला स्टिक वर्म म्हणजे संपलेला वर्म नव्हे. नाकाकडे फाटला असेल तर फाटका अर्धा इंच कापा आणि नव्या टोकाने पुन्हा टेक्ससवर लावा. लांबी थोडी कमी झाली तरी बुडतो तसाच. वॅकीवर मध्यात फाटला तर तिथेच दोन तुकडे करा. दोन्ही अर्धे नेडच्या डोक्यावर लावता येतात, कापलेली बाजू डोक्याकडे आणि निमुळतं टोक मागे. मिठाचा असल्यामुळे शेपूट एलाझटेकसारखी उभी राहणार नाही, तळावर आडवी पडेल. पण खडकाळ उतारावर तेवढं पुरतं, फक्त दोन ओढींच्या मध्ये जरा जास्त वेळ थांबा.